‘ढकलपास’ ते ‘आकारिक’

एक मे हा आपल्याकडे दुहेरी दिवस. सकाळी झेंडावंदन, आणि ते आटोपले की निकाल. कर्जतच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवरच्या शाळेत दोनएक वर्षांपूर्वी या दिवशी जाण्याचा योग आला. व्हरांड्यात टेबल मांडून बाई प्रगतिपत्रके वाटत होत्या. पालक मोजकेच आले होते, कारण अर्धी वाडी अजून वीटभट्ट्यांवर होती. कातकऱ्यांची कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. निकालाचा दिवस मात्र कॅलेंडर पाहून येतो, भट्टी पाहून नव्हे.

एक आजी नातवाचे पत्रक घ्यायला आली होती. तिने एकच विचारले, ‘‘बाई, पोरगा पास झाला ना?’’

‘‘हो आजी, पाचवीत गेला.’’

आजीने अंगठा उठवला, पत्रक घडी घालून पदराला बांधले आणि ती समाधानाने निघाली. ते पत्रक मी तिच्या परवानगीने आधी पाहिले होते. भाषेसमोर ‘ड’, गणितासमोर ‘इ-१’ आणि खाली सुंदर अक्षरात, ‘वाचनात सुधारणा आवश्यक’. आजीच्या प्रश्नाला बाईंनी दिलेले उत्तर शंभर टक्के खरे होते. तरीही त्या पत्रकात जे लिहिले होते ते आजीपर्यंत पोचलेच नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. तुमच्या-माझ्या घरातही फार वेगळे घडत नाही. आपण ज्या शाळेत शिकलो तिथे तीनच शब्द होते : पास, नापास आणि ‘ढकलपास’. हा तिसरा शब्द सरकारी कागदावर कधी आला नाही, पण त्याचा अर्थ साऱ्या गावाला कळत असे. पोराला येत नाही, तरी पुढे सरकवले आहे. ढकलपास झालेल्या मुलाचा बाप मे महिन्याच्या सुट्टीत त्याला पाढे म्हणायला बसवी. शब्द ओबडधोबड खरा, पण त्यात एक इशारा होता.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरले. त्याच वर्षी महाराष्ट्राने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आणले. नाव उच्चारताना धाप लागते, पण कल्पना सरळ आहे. मुलाला वर्षाअखेरच्या तीन तासांवरून न जोखता वर्षभर पाहावे. त्याचे दोन भाग. वर्गात रोज जे चालते, म्हणजे तोंडी काम, प्रयोग, वह्या, प्रकल्प, लहान चाचण्या, त्यावरून मुलाचे शिकणे कसे आकार घेते आहे हे पाहायचे ते ‘आकारिक’. सत्राच्या शेवटी लेखी, तोंडी परीक्षा घेऊन बेरीज मांडायची ते ‘संकलित’. पहिली-दुसरीत आकारिकाला ७० आणि संकलिताला ३० गुण ठेवले होते. सातवी-आठवीत हेच प्रमाण ४० आणि ६० असे उलटले. एवढे सांगायला बाईंना पाच मिनिटे पुरली असती. सांगितले कोणी?

आता त्या ‘ड’ कडे येऊ. या पद्धतीत अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी आहेत. ९१ ते १०० गुण म्हणजे अ-१. ४१ ते ५० म्हणजे क-२. ३३ ते ४० म्हणजे ड. आणि २१ ते ३२ म्हणजे इ-१. पालक हे पाहतो आणि त्याच्या डोक्यात जुना हिशेब चालतो : पस्तीसच्या आसपास आहे, चला, निभावले. पण योजना आखणाऱ्यांनी ‘ड’ च्या पुढे एक अट लिहून ठेवली होती. ज्या मुलाला ड किंवा त्याखालची श्रेणी मिळेल त्याला शाळेने जादा मार्गदर्शन करून निदान क-२ पर्यंत आणायचे. म्हणजे ‘ड’ हा मुलावरचा शेरा कमी आणि शाळेच्या नावावरची उधारी जास्त. आजी पत्रक पदराला बांधून गेली तेव्हा ती ही उधारीची चिठ्ठी घेऊन गेली. वसुली करायची असते हेच तिला ठाऊक नव्हते.

‘नापास करायचे नाही’ याचा अर्थ ‘शिकवले नाही तरी चालेल’ असा कायद्यात कुठेही नाही. तो अर्थ आपण सगळ्यांनी मिळून लावला. पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, काही शाळांनीही टाकला. आणि ‘वर्णनात्मक नोंदी’ तर बाजारात तयार पुस्तिकांत मिळू लागल्या! ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य किती पत्रकांवर असेल याची गणती करू नये. शिक्षकांनाही सगळा दोष देता येत नाही. चार इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईंनी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद कधी लिहायची, हाही प्रश्नच आहे.

या घोळात पुन्हा एक वळण आले आहे. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. मूल नापास झाले तर त्याला जादा शिकवून दोन महिन्यांत ‘पुनर्परीक्षा’ घ्यायची. तीही जमली नाही तर त्याच वर्गात ठेवता येते. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. आजीचा नातू त्या दिवशी ‘पास’ झाला तो नेमका या पाचवीत गेला. चार वर्षांची उधारी आता त्याच्याच अंगावर वसूल होणार, आणि पुनर्परीक्षेच्या त्या दोन महिन्यांतला पहिला महिना त्याचे आईबाप भट्टीवर असणार.

त्या आईबापांच्या उपयोगाचेही काही शब्द आहेत. ‘वयानुरूप प्रवेश’ म्हणजे शाळा सुटलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत न बसवता तिच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेले वेगळे शिकवायचे. ‘शिक्षण हमी पत्रक’ म्हणजे गाव सोडताना शाळेकडून घ्यायचा कागद. तो भट्टीजवळच्या शाळेत दाखवला की मुलाला तिथे बसता येते. आणि कागद नसला तरी, जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर ही तीन वाक्ये दिवाळीपूर्वी दवंडी पिटून सांगायला हवीत.

शिकल्या-सवरल्यांनी मात्र यावर मान हलवून गप्प बसू नये. कर्जत, नेरळ, खोपोलीत पहाटेची लोकल गाठणारा बाप शब्दांना तितकाच फसतो. त्याचे शब्द इंग्रजी असतात, एवढेच. ‘सेमी’ म्हणजे मराठी माध्यमाची शाळा, ज्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. ती इंग्रजी शाळा नव्हे. ‘स्वयंअर्थसहाय्यित’ म्हणजे सरकारी अनुदान नाही, खर्च फीमधून. आणि फाटकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिले असेल तर थांबून विचारावे : पॅटर्न की संलग्नता? शाळा मंडळाशी संलग्न असेल तर तिला क्रमांक असतो आणि कार्यालयात तो सांगतात. पॅटर्नला क्रमांक नसतो. दहावीचा अर्ज कोणत्या मंडळाकडे जाणार, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारलेले बरे. नववीत विचारले तर उशीर झालेला असतो.

हे सगळे विचारायचे कुठे? जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत कायद्यानेच ‘शाळा व्यवस्थापन समिती’ आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीच्या बैठकीचा विषय बहुधा छप्पर, पाण्याची टाकी आणि खिचडी एवढाच असतो, आणि त्या गोष्टी लहान नाहीत. पण प्रगतिपत्रक हातात धरून ‘ड मिळालेली मुले किती, आणि त्यांच्यासाठी जादा तास कधी’ हा प्रश्न तिथे कोणीही आई विचारू शकते. त्यासाठी ‘सर्वंकष’चा उच्चार यावा लागत नाही.

निघताना मी बाईंना आजीविषयी बोललो. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘खरं आहे. पण ‘पास’ म्हटल्यावर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंत ना? पुढचं सांगायचा धीर झाला नाही.’’ दुपारी त्या वाडीवर आजीच्या घरी जाऊन आल्या, असे नंतर कळले. जून उजाडल्यावर मुलाला रोज अर्धा तास आधी पाठवायचे ठरले आहे.