खेळ गावचा, भाषा कोणाची?

२२ जानेवारी २०२३ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अखिल आयर्लंड क्लब फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. डब्लिनच्या किलमाकुड क्रोक्स संघाने डेरी काउंटीतील ग्लेन संघाचा एक गोल अकरा गुण विरुद्ध एक गोल नऊ गुण असा पराभव केला. तेथील फुटबॉलमध्ये एक गोल तीन गुणांचा असतो, त्यामुळे फरक अवघ्या दोन गुणांचा होता. सामना संपल्यानंतर वाद उभा राहिला. अखेरच्या क्षणी, ग्लेनचा निर्णायक हल्ला चालू असताना, विजयी संघाचे नियमाने संमत असलेल्या पंधराहून अधिक खेळाडू मैदानात होते. चित्रफीत हाच पुरावा होता. स्पर्धा नियंत्रण समितीने सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश दिला, किलमाकुडने अपील केले आणि शेवटी ग्लेननेच माघार घेतली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, ग्लेनने तीच स्पर्धा जिंकून दाखवली.

वकिलाला या प्रकरणात रस वाटणे स्वाभाविक आहे. पण माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. तो सामना ज्या वाहिनीने देशभर थेट दाखवला, तिचे समालोचन आयरिश भाषेत होते. देशाच्या बहुसंख्य नागरिकांची रोजच्या व्यवहाराची भाषा इंग्रजी. तरीही वर्षातील अतिशय चुरशीचा सामना त्यांनी आयरिश शब्द ऐकत पाहिला. वाद झाला तो खेळाडूंच्या संख्येवरून. समालोचनाच्या भाषेवरून नव्हे. ज्या देशात अल्पसंख्य भाषा इतकी सहजपणे घराघरात शिरते, त्या देशाकडून सीमाभागातील, बडोद्यातील, इंदूर-ग्वाल्हेरमधील आणि हैदराबादेतील मराठी माणसाने काय शिकावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम ही स्पर्धा कोणती, ते सांगतो. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावी स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे मुख्य खेळ. क्लब म्हणजे गाव किंवा धर्मग्रामाचा संघ. खेळाडूला मानधन नाही. सोमवारी तो आपल्या नोकरीवर, शाळेत किंवा शेतात परततो. प्रत्येक काउंटीचा विजेता आपल्या प्रांताच्या स्पर्धेत उतरतो आणि चार प्रांतांचे विजेते अखिल आयर्लंडच्या किताबासाठी झुंजतात. २०१९ पर्यंत अंतिम सामने १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी होत. २०२० पासून ते हिवाळ्यात, साधारण जानेवारीत खेळवले जातात. ज्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात, तेथे त्या दिवशी एखाद्या खेड्याचा संघ उतरतो. २००४ मध्ये तर केरीच्या आयरिशभाषक टापूतील 'अन ग्वेलटाक्त' हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि गॉलवेच्या कॅल्ट्राकडून एका गुणाने हरला.

आता वाहिनीकडे येऊ. 'टीजी ४' ही वाहिनी ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी 'टेलिफीश ना गेल्गे' या नावाने सुरू झाली. तिचे मुख्यालय राजधानीत नाही. ते पश्चिमेच्या कॉनमारा भागात, आयरिश बोलल्या जाणाऱ्या टापूत आहे. शासनाने ही वाहिनी उदारपणे दान केली, असे कोणी समजू नये. आयर्लंड १९२२ मध्ये स्वशासित झाला. १९३७ च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमाने आयरिश ही राष्ट्रभाषा व प्रथम राजभाषा ठरली. राष्ट्रीय दूरचित्रवाणी १९६१ च्या अखेरच्या रात्री सुरू झाली. तरीही आयरिश वाहिनीसाठी आणखी जवळजवळ पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली. त्या अवधीत काय घडले? १९६९ मध्ये आयरिशभाषक टापूतील तरुणांनी नागरी हक्कांची चळवळ उभी केली. १९७० मध्ये त्यांनी कॉनमारात परवान्याविना नभोवाणी केंद्र चालवून दाखवले. १९७२ मध्ये सरकारला अधिकृत आयरिश नभोवाणी सुरू करावी लागली. १९८७ मध्ये रॉस मक गावातून परवान्याविना दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणही झाले. म्हणजे आधी लोकांनी करून दाखवले आणि मग कायदा धावत आला. परवाना मोडा, असे मी वकील म्हणून सांगणार नाही, आणि आज त्याची गरजही नाही. गावच्या सामन्याचे थेट प्रक्षेपण करायला आता एक मोबाईल पुरतो.

नव्या वाहिनीपुढे प्रश्न होता तो प्रेक्षकांचा. भाषेवरील निष्ठेपोटी वाहिनी पाहणारे थोडेच असतात. निष्ठा सणावारी जागी होते. रोज संध्याकाळी जागी असते ती आवड. टीजी ४ ने हे ओळखले. काउंटी संघांच्या मोठ्या सामन्यांभोवती बड्या वाहिन्यांची गर्दी असे. क्लबच्या सामन्यांकडे तेवढे कोणी वळत नव्हते. टीजी ४ ने ते उचलले आणि वर्षानुवर्षे, पावसाचिखलात, हिवाळ्याच्या दुपारी थेट दाखवले. ज्याला आपल्या काउंटीचा विजेता पाहायचा होता, त्याला आयरिश ऐकावीच लागली. महिलांच्या फुटबॉललाही याच वाहिनीने २००१ पासून प्रायोजकत्व दिले.

शाळेत सक्तीने शिकलेली आणि परीक्षेनंतर विसरलेली भाषा अशा रीतीने रविवारच्या दुपारी परत कानावर आली. गोलला 'कूल', गुणाला 'कूलीन', म्हणजे छोटा कूल. अजिंक्यपदासाठी जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ झाडाची फांदी. चेंडू कुठे आहे हे डोळ्यांना दिसत असते, त्यामुळे शब्दाचा अर्थ कोशाविना कळतो. भाषाशिक्षणाची याहून स्वस्त पद्धत मला ठाऊक नाही. वाहिनी सोवळीही नाही. ज्या खेळाडूला आयरिश येत नाही, त्याची मुलाखत इंग्रजीत होते. पण सामन्याचा कणा असलेले समालोचन आयरिशच राहते.

आता आपल्याकडे वळतो. गेल्या हिवाळ्यात सीमेलगतच्या एका गावी कबड्डीच्या सामन्यांना मी गेलो होतो. संयोजक मराठी, खेळाडू मराठी, मंडपात बसलेली सारी माणसे मराठी. मोबाईलवरून थेट प्रक्षेपण चालू होते आणि समालोचन हिंदीत. तेही सफाईदार हिंदीत नव्हे, ओढूनताणून आणलेल्या हिंदीत. मी संयोजकांना कारण विचारले. उत्तर एका वाक्यात मिळाले : "वकीलसाहेब, हिंदीत व्ह्यूज वाढतात." दावा दाखल होण्यापूर्वीच आपण तो सोडून दिला होता.

या सबबीची उलटतपासणी केली पाहिजे. त्या गावचा सामना पाहणार कोण? त्या गावचा पुण्याला गेलेला मुलगा, आखातात गेलेला भाऊ, शेजारच्या गावातील प्रतिस्पर्धी. यांपैकी मराठी न समजणारा कोणता? दूरचा अनोळखी प्रेक्षक यावा म्हणून आपण घरच्या प्रेक्षकाची भाषा काढून घेतली, आणि तो दूरचा प्रेक्षक आला की नाही, हे कोणी मोजूनही पाहिले नाही. क्लब सामन्यांचे बळ नेमके याच्या उलट असते. माझ्या गावचा संघ जगात दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर दिसणार नाही. जो माल फक्त आपल्याच दुकानात मिळतो, त्यावर पाटी कोणत्या भाषेत लावायची हे दुकानदारानेच ठरवायचे असते. टीजी ४ ने ते ठरवले. आपण ठरवत नाही.

आणि हे खेळ कोणाचे? हुतूतूचे नियम बांधण्याच्या इतिहासात १९२३ सालच्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचे नाव आहे. द. चिं. मुजुमदारांनी संपादलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' बडोद्यातच सिद्ध झाला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी खेळाला नियम दिले, कोश दिला, शब्द दिले. चढाई, पकड, लोण, मध्यरेषा हे शब्द आपल्या घरचे. कुस्तीच्या फडात ढाक, घिस्सा, कलाजंग हे डाव निवेदकाच्या तोंडून आजही मराठी लयीत निघतात आणि लोक त्याच्या निवेदनासाठीही फडाला येतात. त्याच फडाचे प्रक्षेपण मोबाईलवर गेले की 'रेड' आणि 'टॅकल' यांचे राज्य का सुरू व्हावे?

दोन आक्षेप येतील, त्यांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप : आयरिशच्या पाठीशी राज्यसत्ता आहे, आपल्या पाठीशी नाही. हे खरे आहे. आमचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. राज्यघटनेचे कलम २९ भाषा जपण्याचा हक्क देते, कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करण्यास सांगते, आणि त्यांच्या अंमलबजावणीचा अनुभव आपणा सर्वांना आहे. ती लढाई चालूच राहील. पण तराजूचे दुसरे पारडेही पाहा. २०२२ च्या जनगणनेनुसार शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणारे आयर्लंडमध्ये ७१,९६८ होते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे भारतात आठ कोटी तीस लाखांहून अधिक होते. त्यांच्याकडे सत्ता होती आणि माणसे नव्हती. आपल्याकडे माणसे आहेत. शिवाय आपल्या गावच्या स्पर्धेचे समालोचन मराठीत करण्यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. जे आपल्या हाती आहे तेही न करता, जे हाती नाही त्याबद्दल निवेदने देत राहणे, हा मला चळवळीचा आळस वाटतो. हे मी स्वतःलाही सांगतो, कारण त्या निवेदनांपैकी कित्येकांचा मसुदा माझाच आहे.

दुसरा आक्षेप : या वाहिनीने आयरिश वाचली का? नाही. २०१६ मध्ये रोज बोलणारे ७३,८०३ होते, २०२२ मध्ये ते घटले. याच काळात आयरिश येते असे सांगणाऱ्यांची संख्या मात्र वाढून अठरा लाख त्र्याहत्तर हजारांवर गेली. फुटबॉलच्या समालोचनाने घरातली बोली परत आणता येत नाही. तसा दावा करणारा वकील पक्षकाराची फसवणूक करील. घरातली भाषा घरानेच जपायची असते. पण जी भाषा केवळ शाळेची आणि सभेची उरते, तिच्याशी मुलांचे नाते गृहपाठापुरते राहते. भाषेत ओरडता आले पाहिजे, हळहळता आले पाहिजे, पंचाला नावे ठेवता आली पाहिजेत. खेळ ती जागा देतो. आपल्या मुलांची मराठी अजून घरात जिवंत आहे. ती मैदानातून बाहेर पडली, तर उंबऱ्याआतही फार काळ टिकणार नाही.

एक बाब सीमेवरच्या वाचकांसाठी राखून ठेवली होती. ग्लेनचे गाव मॅहरा हे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश राज्यात आहे. तरी अखिल आयर्लंडच्या स्पर्धेत बत्तीसही काउंट्या खेळतात, कारण संस्थेने सीमा कधी मैदानावर येऊ दिली नाही. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने उत्तरेतील हिंसाचार थांबवण्याचा मार्ग काढला. त्या करारात आयरिश वाहिनी उत्तरेत अधिक व्यापक प्रमाणात दिसावी यासाठी ब्रिटिश सरकार प्रयत्न करील, असे कलम आहे. शांततेच्या करारात एका दूरचित्रवाणी वाहिनीचा उल्लेख! सीमेपलीकडच्या माणसाला आपल्या भाषेतला सामना दिसणे हा करमणुकीचा प्रश्न नसून सन्मानाचा प्रश्न आहे, हे तेथील वाटाघाटी करणाऱ्यांना कळले होते. आपल्या देशातही क्रीडा प्रक्षेपणाचा २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्रण प्रसार भारतीला द्यावे, असे तो सांगतो. चित्र सर्वांपर्यंत पोहोचावे ही त्याची चिंता. समालोचनाची भाषा हा त्याचा विषय नाही. ती चिंता आपणच करायची आहे.

म्हणून प्रत्येक मंडळाने, तालमीने आणि क्रीडा संघाने तीन गोष्टी कराव्यात, एवढेच माझे मागणे आहे. स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एक कलम घाला : निवेदन आणि थेट समालोचन मराठीत होईल. पाहुण्या कानडी, गुजराती किंवा हिंदीभाषक खेळाडूची मुलाखत त्याच्या भाषेत जरूर घ्या, त्याने आपले काही उणे होत नाही. दुसरे, खेळातील मराठी शब्दांची दोन पानी यादी छापून निवेदकाच्या हाती द्या. तिसरे, फडातल्या जुन्या निवेदकाशेजारी एक तरुण मुलगा आणि एक तरुण मुलगी बसवा. यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही, मोर्चाही लागत नाही.

येत्या हंगामात मी त्याच गावी पुन्हा जाणार आहे. नियमपत्रिकेतील कलमाचा मसुदा सोबत नेईन. शुल्क घेणार नाही.