‘तो कोणाचे काय घेतो?’

व्यसनाचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतील शिकलेली मंडळीही हल्ली एक युक्तिवाद ऐकवितात. मुलगा स्वतःच्या पैशाने, चार मित्रांत बसून चिलीम ओढतो. तो कोणाचे काय घेतो? आमचे उत्तर सरळ आहे. तो विश्वास घेतो, आणि विश्वास त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो.

अमळनेरसारख्या बाजाराच्या गावाला हे फोड करून सांगावे लागू नये. येथे दुकानदार वहीत उधारी मांडतो ती बापाच्या नावावर, मुलाचा चेहरा पाहून. तो मुलगा एकदा बापाच्या नावे सामान उचलून परस्पर विकतो. पुढे त्या गल्लीतला कोणताही तरुण आला तरी दुकानदार म्हणतो, ‘वडिलांना पाठव.’ घरात आई कपाटाची किल्ली कमरेला खोचते, बहीण पगाराचे पाकीट उशाखाली घेऊन निजते. रक्तातली नशा तपासता येते; त्या किल्लीची नोंद कोणत्याही दवाखान्यात होत नाही.

नशा माणसे जोडते, असाही एक दावा केला जातो. ‘एमडी’ म्हणून विकले जाणारे मेफेड्रोन मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन एकाएकी मोकळे करते. परका जिवलग वाटू लागतो, बोलणे थांबत नाही. ती उतरली की तेच मन उदास, चिडखोर आणि संशयी होते. गांजाच्या अतिसेवनानेही अनेकांचा संशय बळावतो. रात्री ज्याच्या गळ्यात हात टाकला, सकाळी त्याच्याकडेच तिरक्या नजरेने पाहायचे, याला मैत्री म्हणणे आम्हांला जमत नाही.

हे मुंबईचे दुखणे आहे असे समजणाऱ्यांनी जरा भोवती पाहावे. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी इतर पिकांच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी वेळोवेळी उपटला आहे. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने फिरणारी अल्प्राझोलम तर मुळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. (फार दिवस घेतलेली ही गोळी घरच्यांनी एकाएकी बंद पाडू नये, झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.) ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावी तर मेफेड्रोनचा कारखानाच उघडकीस आला.

विक्रेत्यांकडे पोलीस पाहतील. आमचा रोष आहे तो घराण्याच्या अब्रूसाठी झाकपाक करणाऱ्या सभ्यपणावर. ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून मुलाचे व्यसन लपवून एका परक्या मुलीच्या गळ्यात ते बांधणे, हा प्रकार आम्हांला सर्वांत हीन वाटतो. व्यसनी मुलगा नशेपायी खोटे बोलतो. त्याचे वडीलधारे पूर्ण शुद्धीत, देवाच्या वेदीसमोर खोटे बोलतात. १९८३ च्या धर्मसंहितेचे १०९८ वे कलम अशांनी वाचावे. वैवाहिक जीवन उद्ध्वस्त करू शकणारी गोष्ट संमती मिळविण्यासाठी कपटाने लपविली, तर तो विवाह मुळातच अवैध ठरतो.

मारझोड आणि कोंडून ठेवणे यांनी गेलेला विश्वास परत येत नाही. याच अमळनेरात प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. मुलांना त्यांचा धाक नव्हता, लाज वाटे. १९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा’ सुरू केली. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे नशेतून बाहेर पडलेली माणसेच नव्याने येणाऱ्यांची कामे पाहतात. ज्याच्यावर घरी किल्ली सोपविली जात नव्हती, त्याच्यावर तेथे दुसऱ्याचा जीव सोपविला जातो.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हेही जाणावे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपले सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या बैठकीसाठी मोकळे ठेवावे. ‘आत कोण कोण गेले ते लोक पाहतील,’ असा आक्षेप लगेच येईल. दार समोरचे असावे की मागचे, हे आत जाणाऱ्यांनाच ठरवू द्यावे. दिवे आणि चहा धर्मग्रामाचा.