आपला किनारा, परक्यांची दप्तरे

अंदमान म्हटले की मराठी मनासमोर सेल्युलर कारागृह उभे राहते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ ही वर्षे तेथे यातना सोसत काढली. ती भूमी आपल्याला तीर्थासारखी वाटावी, यात नवल नाही. पण त्या कारागृहापासून दक्षिणेस पसरत गेलेल्या निकोबार बेटांचा भूगोल आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या बेटांचे जुने नकाशे पाहायचे ठरवले, तर अभ्यासकाला लंडनच्या ग्रंथालयाचे दार का ठोठवावे लागावे?

राजेंद्र चोळाच्या प्रशस्तीत निकोबारचा उल्लेख ‘माणक्कवारम’ असा येतो. म्हणजे अकराव्या शतकात ही बेटे भारतीयांना परकी नव्हती. तरीही त्यांचे आधुनिक नकाशे परक्यांनीच काढले. १७५६ मध्ये डेन्मार्कने निकोबारवर हक्क सांगितला. १७८९ च्या सुमारास आर्चिबाल्ड ब्लेअर याने अंदमानची पाहणी केली. १८४६ मध्ये ‘गालाथिया’ हे डॅनिश जहाज आले आणि ग्रेट निकोबारच्या नदीला त्याचेच नाव चिकटले. १८५८ मध्ये ऑस्ट्रियाचे ‘नोव्हारा’ आले. अखेर १८६९ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला.

जो नकाशा काढतो, तोच भूमीला नाव देतो. १८५७ चे स्वातंत्र्यसमर चिरडणाऱ्या हॅवलॉक आणि नील यांची नावे आपण २०१८ पर्यंत आपल्याच बेटांवर मिरवली! आज ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, हे योग्यच झाले. परंतु नाव बदलले, तरी दप्तर परक्यांकडेच राहिले, तर ते स्वत्व अपुरेच म्हणावे लागेल.

सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. या खात्याच्या भूरूपदर्शक तक्त्यांवर डोंगराची उंची, ओढा, पाणवठा, खारफुटी, पायवाट आणि वस्ती या साऱ्यांची नोंद असते. हे तक्ते भारतीय महसुलावर आणि भारतीय खलाशांच्या घामावर तयार झाले. पण स्वातंत्र्यानंतर किनारा आणि सीमेलगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्याचे तक्ते सामान्य नागरिकासाठी बंद राहिले. अंदमान-निकोबार तर संपूर्णच. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. गंमत अशी की, अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकापासून छापलेली भारताच्या नकाशांची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जगाला खुली करून दिली. मग आपले कुलूप नेमके कोणासाठी होते? शत्रूसाठी, की आपल्याच विद्यार्थ्यासाठी?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या हौसेचा नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने निकोबारचा किनाराच बदलून टाकला. देशाचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचला. तेथील दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. उलट उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडले. ग्रेट निकोबारच्या पश्चिम किनाऱ्यावरील वस्त्या उद्ध्वस्त झाल्या आणि वाचलेल्या निकोबारी बांधवांना कॅम्पबेल बे परिसरात वसवावे लागले. त्यांच्या मुलांना ‘तुमचे गाव येथे होते’ असे दाखवायचे असेल, तर हे जुने तक्ते हाच आधार आहे. कोठे वसाहत करावी, कोठे धक्का बांधावा, याचा विवेकही त्यातूनच येतो.

सुरक्षेचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. तळ, तोफखाना आणि सागरतळाची गुपिते जपलीच पाहिजेत. पण उपग्रहांच्या युगात शंभर वर्षांपूर्वीचा ओढा लपवून कोणते राष्ट्र सुरक्षित होते? फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक पैशातून झालेली भूस्थानिक माहिती ही सामाईक ठेव मानली. २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरणही आले. आता हेच तत्त्व जुन्या किनारी तक्त्यांनाही लावावे. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रत्येक तक्ता संगणकात उतरवून विनामूल्य खुला करावा आणि त्यावर निकोबारी लोकांनी दिलेली नावेही नोंदवावीत.

मातृभूमीची पूजा करणाऱ्याला तिचा देह ठाऊक असला पाहिजे. आपल्या शाळांत, ग्रंथालयांत हे नकाशे लागोत, एवढा आग्रह तरी आपण धरू या.