‘आयव्हरी’ छटेची पावडर आणि आपले निकष

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे लग्न ठरले, तेव्हा सासरकडच्या परदेशस्थ नातेवाइकांनी तिला चेहऱ्याच्या पावडरची एक डबी भेट म्हणून पाठवली. तेवढ्या किमतीत धाराशिवच्या बाजारात महिन्याचा किराणा भरता येईल. डबी हातात घेऊन पाहत राहावे अशी होती. झाकण जड, आत आरसा, त्याखाली मऊ पफ. तळाशी इंग्रजीत दोन गोष्टी छापल्या होत्या. छटेचे नाव ‘आयव्हरी’, म्हणजे हस्तिदंत. आणि त्याखाली ‘गोऱ्या त्वचेसाठी’. मुलगी गव्हाळ वर्णाची. डबी माझ्यापुढे ठेवून तिने विचारले, “मॅडम, ही चांगली आहे का हो?”

‘हे चांगले आहे का?’ हा प्रश्न कवितेविषयी, कथेविषयी मी वर्षानुवर्षे वर्गात विचारत आले आहे. उत्तर देण्याआधी निकष कोणता ते सांगा, असेही बजावत आले आहे. तेव्हा प्रश्न पावडरीचा असला तरी तो हसण्यावारी नेणे मला योग्य वाटले नाही.

प्रथम वस्तूकडे वस्तू म्हणून पाहू. चेहऱ्याच्या पावडरीचे काम मर्यादित असते. तिने त्वचेवरचे तेल आणि घाम टिपावा, चकाकी कमी करावी, खाली लावलेला लेप जागेवर धरून ठेवावा. त्यासाठी शंखजिरे किंवा अभ्रक अतिशय बारीक दळून घेतात. लोहाच्या ऑक्साइडांपासून लाल, पिवळा आणि काळा रंग मिळतो, टायटॅनियम डायऑक्साइडने पांढरेपणा येतो. यांचे प्रमाण बदलले की छटा बदलते. ही पावडर बोटांत चोळली तर कण लागत नव्हता. वास मंद होता. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याच्या दुपारी लावून पाहिली, तरी दोन-तीन तास ओघळली नाही. महाग वस्तूने जे करायला हवे ते ती करत होती. परंतु त्या मुलीच्या गालावर ती बसताच गाल राखाडी दिसू लागला. कारण उघड आहे. पांढऱ्याचे प्रमाण जास्त असलेली भुकटी गव्हाळ त्वचेवर राखेसारखी दिसते. म्हणून माझा निर्णय असा झाला: पावडर उत्तम, पण या चेहऱ्यासाठी चुकीची.

यावर ती मुलगी सहज म्हणाली, “म्हणजे माझा रंगच तिला शोभत नाही.”

प्रस्तुत लेख लिहावासा वाटला तो या वाक्यामुळे. परीक्षा पावडरीची चालली होती आणि नापास चेहरा झाला. ‘पावडर चेहऱ्याला शोभत नाही’ या विधानातले कर्ता आणि कर्म तिने नकळत बदलून टाकले आणि दोष स्वतःकडे घेतला. तिने मराठी साहित्यात एम. ए. केले आहे. एखाद्या समीक्षा-लेखात निकष आणि कलाकृती यांची अशी अदलाबदल झाली असती, तर तिने ती नक्की पकडली असती.

ही अदलाबदल होते कशी? ज्या देशात ती डबी तयार झाली, तिथे ‘गोऱ्या त्वचेसाठी’ हे शब्द चपलेच्या मापासारखे असतात. सहा नंबरची चप्पल सात नंबरच्या चपलेपेक्षा श्रेष्ठ, असे कोणी म्हणत नाही. पायाला बसते ती आपली. आपल्याकडे येताच त्याच शब्दांची पदवी होते. कारण ते उतरतात अशा भाषेत, जिथे निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी शिडीच तयार आहे, ‘मुलगी रंगाने जरा डावी आहे’ असे समोरच बोलले जाते, आणि माथाही ‘उजळ’ असावा लागतो. आता या शिडीच्या वरच्या पायरीवर परदेशी बनावट आणि भारी किंमत यांचीही भर पडली. सर्वांत महाग वस्तू गोऱ्यांसाठी, असा अर्थ न छापताही वाचला गेला.

बाजाराने हा अर्थ निर्माण केला असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत तयार होणाऱ्या ‘अफगाण स्नो’पासून १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’पर्यंत बाजाराने आपली जुनीच शिडी वापरली. २०२० साली या दुसऱ्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द जाऊन ‘ग्लो’ आला. त्याच वर्षी विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. हे चांगले झाले. पण ‘ग्लो’चे मराठी करायला बसलो, तर लेखणीतून पहिला शब्द ‘उजळ’च येतो. नाव बदलले, निकष अजून घरात बसून आहे.

कोणी म्हणेल, बाईच्या नटण्याच्या हौशीवर एवढी मीमांसा कशाला? हौशीला माझा विरोध नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातल्या छायाचित्रांत चेहरा एका मुलीचा आणि गळा दुसरीचा दिसतो, इतकी पावडर मला थापली होती. तो अल्बम पाहताना आम्ही सगळे हसतो. त्या दिवशी मात्र मला कोणी हसवले नव्हते, आणि ‘थोडी कमी लावा’ असे म्हणण्याचे धैर्यही माझ्यात नव्हते. पावडर हौसेने लावली की भीतीने, एवढाच फरक मला महत्त्वाचा वाटतो.

‘आयव्हरी’ हे नाव वाचल्यावर मला आमच्या जिल्ह्यातले तेर आठवले. प्राचीन काळी याचे नाव तगर. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई येथे, इसवी सन ७९ मधल्या ज्वालामुखीच्या राखेखाली दबलेल्या घरात सापडली. पाँपेईची मूर्ती आरशाची मूठ असावी, असा एक तर्क केला गेला. म्हणजे हस्तिदंत इथूनही गेला असेल. पण तो कोरीव कामासाठी. कारागिराचे सारे लक्ष केशरचनेकडे, दागिन्यांकडे, उभे राहण्याच्या ढबीकडे आहे. हस्तिदंत काळाबरोबर पिवळा, मग तपकिरी होत जातो, तरी मूर्तीचे मोल उतरत नाही. त्या द्रव्याचे नाव आपण एका छटेला दिले आणि त्या छटेने माणसे मोजू लागलो.

याच तेरची दुसरी ओळख म्हणजे संत गोरा कुंभार. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने गोरोबाकाकांना मडकी पारखायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. बाकीचे स्वस्थ राहिले. नामदेवांना राग आला आणि काकांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे आहे. परीक्षकाचे नाव ‘गोरा’ आणि सारी परीक्षा आवाजावर, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. अपमान गिळून नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला. कच्चे मडके भाजता येते. ज्या परीक्षेत नापास झालेल्याला पुढे वाट उरते, तीच परीक्षा न्याय्य म्हणायची. रंगाच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीला करण्यासारखे काहीच उरत नाही. उरते फक्त पावडर, आणि ती रात्री धुऊन टाकावी लागते.

वर्गात निकष शिकवताना हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवत नाही, असे मला वाटते. निकष काटेकोर आहे का, सुसंगत आहे का, हे विचारतो. ज्याला तो लावला, त्याच्या हाती त्यानंतर काय राहते, हे विचारायचे राहून जाते.

मी त्या मुलीला म्हटले, “पावडर चांगली आहे. तुझ्या मापाची नाही, एवढेच.” तिने थोडा वेळ विचार केला, पफने गाल पुसून काढला आणि झाकणातल्या आरशात पाहत म्हणाली, “आरसा मात्र छान आहे, मॅडम. तो ठेवते.”