न दुखता लघवीतून रक्त? मुतखडा समजून थांबू नका

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड परिसरात लोकांचे केस गळू लागले आणि बुलढाणा जिल्हा देशभरच्या बातम्यांत आला. गळालेले केस दिसतात. लघवीतून गेलेले रक्त मात्र माणूस घरातही सांगत नाही. त्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा. इथे मुतखड्याची तक्रार नेहमीची. लघवी लाल झाली की ‘खडा असेल’ किंवा ‘उन्हाळी लागली’ म्हणत धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते.

खडा बहुधा दुखतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण मात्र बहुतेकदा न दुखता जाणारे रक्त हीच असते. ते एक-दोन दिवसांत आपोआप थांबते, पुढे कित्येक आठवडे दिसतही नाही. रुग्ण फसतो तो इथेच.

खाऱ्या पाण्याने हा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. बिडी-सिगारेटचे तसे नाही. धुरातली विषारी रसायने रक्तात उतरतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत सोडतात आणि ती लघवी तासन् तास मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला लागून राहते. वर्षानुवर्षे हे चालले की अस्तरातील पेशी बिघडतात. म्हणूनच हा आजार बहुधा पन्नाशी-साठीनंतर दिसतो.

दहापैकी सुमारे सात रुग्णांत निदानाच्या वेळी आजार अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच असतो. अशी गाठ लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून खरवडून काढता येते. पोटावर चिरा लागत नाही. सौम्य गाठी पुन्हा उगवतात, पण खोल क्वचितच जातात. आक्रमक प्रकारात बाळाच्या दंडावर टोचतात तीच बीसीजी लस मूत्राशयात सोडतात. आजार स्नायूपर्यंत पोहोचला, तर अनेकदा मूत्राशयच काढावे लागते.

एक प्रकार अस्तरावर सपाट पसरतो. तो आक्रमक असूनही सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ एवढ्यावर पन्नाशीच्या रुग्णाला घरी पाठवणे चूकच. दुर्बिणीची तपासणी हवी. गाठ काढल्यावरही पहिली तपासणी तीन महिन्यांनी, मग वर्षानुवर्षे. दरवेळी अकोला किंवा नागपूर गाठावे लागले, तर पेरणी-सोंगणीच्या दिवसांत ही तारीख हमखास चुकते. ही तपासणी जिल्ह्यातच, ठरलेल्या वारी मिळेल एवढे आरोग्य विभागाने पाहावे.