एक फाइल, दोन वाटा

तिवस्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात या आठवड्यात लग्नपत्रिकेवरून जुंपली. एकाने विंडोजवर मामांची नावं घातली, दुसऱ्याने लिनक्सवर मुहूर्त दुरुस्त केला. फाइल सर्व्हरवरची, एकच, आणि छपाईला गेली ती मामांशिवाय. वऱ्हाडात याहून मोठा गुन्हा नाही. “म्या त सेव्ह केलं होतं ना भाऊ!” दोघंही खरंच बोलत होते. सर्व्हरवरच्या फाइलीपर्यंत विंडोज येतं ते एसएमबी या प्रोटोकॉलच्या वाटेने, मूळचं आयबीएमचं. इथलं लिनक्स आलं एनएफएस या दुसऱ्या प्रोटोकॉलने, जे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये काढलं. फाइलला घातलेलं एसएमबीचं कुलूप (लॉक) सर्व्हर सक्तीने पाळायला लावतो. एनएफएसचं सहसा नागपूरच्या एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखं: जो मानेल त्याच्यापुरतीच जागा अडलेली. लिनक्सवर एसएमबी बोलणारं सांबा (ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेलं) थोडी दुभाषेगिरी करतं, पण फाइल उघडताना विंडोजने घातलेली ‘दुसऱ्याला लिहू देऊ नका’ ही अट एनएफएसवाल्यापर्यंत पोचेलच असं नाही. वरून ओपलॉक, म्हणजे ‘सध्या फाइल तुझ्या एकट्याकडेच आहे’ अशी सर्व्हरने विंडोजला दिलेली हमी! त्याच्या भरवशावर विंडोज बदल स्वतःच्याच मशीनमध्ये साठवून ठेवतं, आणि एनएफएसवाला सर्व्हरवरची शिळी प्रत वाचत बसतो. सेटिंगं खाजवत बसण्यात अर्थ नाही. लिहायचं फोल्डर एकाच प्रोटोकॉलने वाटा. लिनक्सलाही एसएमबी येतं, त्यालाच तिकडून आणा, वेग जरा पडला तर पडो. आणि सर्व्हर विकणारा ‘दोन्ही एकत्र मस्त चालतात’ म्हणाला, तर चहा मागवून त्याला ओपलॉकचं विचारा.