वही मालकाची, हात आपले



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, लोक पांगले, तेव्हा एक मुलगी आईला घेऊन माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "काका, मुलाखत चांगली चालली होती. मग मला परत का पाठवलं?"

मुलगी बी.कॉम. झालेली. अक्कलकोटातच एका सी.ए.च्या ऑफिसात दोन वर्षे टॅलीवर हिशेब लिहीत होती. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सची जागा निघाली, म्हणून गेली. तिथल्या साहेबांनी विचारले, "तुमचं काम बघायला मिळेल का?" तिने मोबाईल काढला आणि एका कापड दुकानदाराच्या खात्याचे फोटो दाखवले. साहेबांनी दोन फोटो पाहिले आणि मोबाईल परत केला. म्हणाले, "आज त्यांची वही मला दाखवता, उद्या माझी दुसऱ्याला दाखवाल."

मला त्या साहेबांचा राग आला नाही आणि मुलीचाही आला नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पेढी आहे, त्यांच्या पोरांना जेवणाच्या ताटावरच कळते की पेढीची गोष्ट पेढीतच ठेवायची. आपल्या आजोबांच्या हातात वही कुणी दिलीच नाही, मग हे आपल्या घरात सांगणार कोण? म्हणून आज इथे सांगतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. सी.ए.ला अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही, असे 1949 च्या कायद्याचे बंधन आहे. त्याच्या हाताखालच्या माणसाने फोटो दाखवला, तरी अडचणीत साहेबच येतो. चादरीची नक्षी कागदावर काढणाऱ्या पगारी कलाकाराचेही तसेच आहे. वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा, असे 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो. आणि आपण बौद्धांनी तर कायद्यापर्यंत जायलाच नको. दुसरे शील आपण रोज घेतो. जे दिले नाही ते घ्यायचे नाही. माहितीसुद्धा त्यात आली.

काहीजण म्हणतात, नाव खोडून दाखवले तर? अक्कलकोट केवढे! कोणत्या रस्त्यावरचे दुकान आणि किती उलाढाल, एवढ्यावरून चहाच्या टपरीवरचा माणूसही मालकाचे नाव सांगेल.

मग आपल्या मुलांनी दाखवायचे काय? ज्यांना ओळख आहे, ज्यांचा मामा कारखान्यात आहे, त्यांना कुणी नमुना मागत नाही. आपल्याला मात्र मागतात. आपले कामच आपली शिफारस. म्हणून ते नव्याने, आपल्या हाताने करावे.

त्या मुलीला मी सांगितले, एक काल्पनिक दुकान काढ. महिनाभराचे पन्नास व्यवहार लिही. कलबुर्गीहून माल आला तर आयजीएसटी, सोलापूरहून आला तर सीजीएसटी-एसजीएसटी निम्मे-निम्मे. मुद्दाम दोन नोंदी चुकव आणि त्या कशा दुरुस्त केल्या ते दाखव. बँकेच्या पासबुकाशी मेळ घाल, तेरीज जुळव. वर ठळक लिही : 'काल्पनिक, सरावासाठी'. समोरचा जाणकार असेल तर त्याला दहा मिनिटांत तुझा हात कळेल.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी आपल्या कापडाचा शर्ट किंवा गणवेश शिवून ठेवावा. कॉलर, खिसा, काजे उलटून दाखवता येतात. वायरमनने फळीवर बोर्ड जोडून न्यावा. गिऱ्हाइकाच्या घरातला फोटो हवाच असेल तर आधी विचारावे आणि परवानगी लिहून घ्यावी. जुनी नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागावा. त्यात कोणते काम केले, किती पार्ट्यांचे हिशेब सांभाळले, हे लिहून घ्यावे. पार्ट्यांची नावे नकोत. मुलाखतीत कुणी जुन्या मालकाचे कागद मागितलेच, तर नम्रपणे सांगावे, "ते माझे नाहीत. तुमचेही मी असेच सांभाळीन."

आणखी एक. तासाभराची परीक्षा घेतली तर जरूर द्यावी. पण "पंधरा दिवस फुकट काम करून दाखव" म्हटले, तर ती परीक्षा नव्हे, वेठबिगारी आहे. ती आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केली. नाही म्हणावे.

बाबासाहेब 1917 साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीवर होते. ती बोट पहिल्या महायुद्धात बुडाली आणि पुस्तकेही गेली. विद्या मात्र बुडाली नाही. ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले, आणि 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ तिथे प्रसिद्ध झाला. कागद जातात, शिकलेले राहते. जुन्या मालकाचे कागद त्याच्याच कपाटात राहू द्या; तिथे जे शिकलो ते आपल्याबरोबर येतेच.

मुलीची वही निम्मी झाली आहे. परवा दाखवायला आली होती. तेरजेत नव्वद रुपयांचा फरक होता. मी सांगणार होतो कुठे आहे तो, पण तिची आई म्हणाली, "राहू द्या भाऊ, तिचं तिला सापडू द्या."

भवतु सब्ब मंगलं.